सरहद्दीपलीकडचं वाणसामान

बोडनसे सरोवराच्या काठी जर्मनीतलं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइत्सलिंगेन ही दोन गावं इतकी खेटून आहेत की एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, हे नवख्याला उमगत नाही. मधलं कुंपण काढून २००७ साली तिथे टॅरोच्या पत्त्यांवरच्या आकृतींची शिल्पं उभी केली. शनिवारी या शिल्पांच्या पलीकडून स्विस कुटुंबं पिशव्या घेऊन कॉन्स्टान्झच्या बाजारात उतरतात. दही, शाम्पू, लंगोट, मांस (तेही माणशी दिवसाला किलोभरच, पुढे जकात). बिल ५० युरोंच्या वर गेलं की दुकानदाराकडून हिरवा कागद भरून घ्यायचा, नाक्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि जर्मन व्हॅट परत मिळवायचा. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोशी बांधलेली फ्रँकची मर्यादा अचानक सोडून दिली. फ्रँक काही मिनिटांत उसळला आणि नाक्यावरच्या रांगा आणखी लांबल्या. शेवटी स्विस सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा ३०० फ्रँकांवरून १५० वर आणली. ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

या रांगा पाहून कुणीही म्हणेल की स्वित्झर्लंड महाग आणि जर्मनी स्वस्त. किमतींचे निर्देशांकही तेच सांगतात. युरोपीय संघाची सरासरी १०० धरली, तर स्वित्झर्लंड १७० च्या आसपास आणि जर्मनी ११० च्या आतबाहेर. म्हणजे किमती दीडपटीहून थोड्या जास्त. पण पगार? स्विस मध्यक पगार २०२४ मध्ये महिन्याला ७,०२४ फ्रँक होता, जर्मनीत पूर्णवेळ नोकरदाराचा सुमारे ४,००० युरो. फ्रँक युरोपेक्षा थोडा वरच आहे, तेव्हा पगाराचं अंतर पावणेदोन पटीच्याही पुढे जातं. या हिशेबाने महागडा देशच परवडणारा ठरतो, आणि बहुतेक तुलना इथेच थांबतात. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो असं वाटतं. दुकानातल्या किमती सगळ्यांना सारख्याच असतात. जगण्याचे सर्वांत मोठे खर्च मात्र एका देशात माणसावर बसतात, तर दुसऱ्यात पगारावर, आणि सगळा फरक तिथे पडतो.

आरोग्यविमा घ्या. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळात सुरू झालेल्या सक्तीच्या विम्याचा हप्ता आजही पगाराच्या टक्केवारीत कापला जातो. निम्मा मालक भरतो, आणि नोकरदाराच्या वाट्याला येतात साधारण साडेआठ टक्के. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा सक्तीचा आहे, पण हप्ता डोईगणिक. बँकेचा संचालक आणि हॉटेलातला भांडीवाला यांचा हप्ता सारखाच, आणि मालकाचा त्यात वाटा नाही. २०२५ मध्ये प्रौढाचा सरासरी हप्ता महिन्याला सुमारे ४५० फ्रँक आणि मुलाचा ११८ च्या घरात. आता मांडा गणित. मध्यक पगाराचा एकटा माणूस स्वित्झर्लंडमध्ये पगाराच्या साडेसहा टक्क्यांच्या आत सुटतो, म्हणजे जर्मनापेक्षाही स्वस्तात. त्याच पगारावर नवरा-बायको आणि दोन मुलांचं घर चालवायचं असेल, तर हाच आकडा सोळा टक्क्यांवर जातो. जर्मनीत तो साडेआठच राहतो. पाळणाघराचीही तीच तऱ्हा. स्विस शहरांत सवलत नसेल, तर एका मुलाचे दिवसाला शंभर फ्रँकच्या पुढे मोजावे लागतात. (जर्मनीत हे राज्यागणिक बदलतं. बर्लिनमध्ये २०१८ पासून पाळणाघर मोफत आहे, सगळीकडे नाही.)

यावर कुणी म्हणेल, जर्मनीत कर आणि कपाती जबर आहेत, त्या का धरत नाही? धरायलाच हव्यात, आणि एकट्या माणसाला त्या चांगल्याच बोचतात. पण त्यामुळे माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट बळकटच होतो, कारण जर्मन कररचना विवाहितांना, विशेषतः एकाच कमाईच्या घराला, झुकतं माप देते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्विस कॅन्टन (तिथले प्रांत) कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना विम्याच्या हप्त्यासाठी अनुदान देतात. ते खरंच आहे, पण त्याचे निकष कॅन्टनागणिक वेगळे, आणि मध्यक पगाराचं घर बऱ्याचदा नेमकं त्या रेषेच्या वर राहतं. गरिबाला आधार मिळतो आणि श्रीमंताला फिकीर नसते. चिमटा बसतो तो मधल्याला.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कुशल मनुष्यबळाबाबत ज्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार केला, कॉन्स्टान्झ त्याच राज्यात येतं. तिकडे जाणाऱ्या तरुणाच्या कानावर कधी ना कधी पलीकडच्या पगाराचे आकडे पडणारच. आज जर्मनीत राहून रोज स्वित्झर्लंडमध्ये कामाला जाणारे हजारो लोक आहेत. पगार फ्रँकमध्ये, भाडं आणि वाणसामान युरोत. अशा माणसाला नोकरी लागल्यावर तीन महिन्यांत ठरवावं लागतं की विमा स्विस घ्यायचा की जर्मन. तिथे दुधाचा भाव उपयोगी पडत नाही. घरात माणसं किती आणि कमावती किती, एवढंच मोजायचं असतं.