वंशावळीत न मावलेली नाती

उज्जयिनीतील जुन्या मराठी घरांतून वंशावळ मोठ्या अभिमानाने जपलेली आढळते. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र अशी ती वाढत जाते. लेकी मात्र तीत बहुधा नसतात, आणि सुना असल्याच तर त्यांचे माहेर नसते. पिता आणि पुत्र हे एकच नाते तिला ठाऊक. बाकीची नाती घरातल्या पत्रांच्या गाठोड्यात पडून असतात.

आमच्या गावच्या गोपाळमंदिराचेच पाहावे. ते बांधविणाऱ्या बायजाबाई या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. केवळ पुरुषांची वंशावळ मांडली, तर त्या शिंद्यांकडेही दिसत नाहीत आणि माहेरीही नाहीत. परंतु कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या त्या कन्या, एवढे एक नाते लिहिले की उज्जयिनीचे मंदिर थेट कागलशी जोडले जाते. त्याच कागलकर घाटग्यांकडील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. म्हणजे 'पुत्र' हे नातेही जन्माने व दत्तविधानाने असे दोन प्रकारे नोंदवावे लागते.

आज संगणकाकडून हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करून घेतात. व्यक्ती, गावे, संस्था हे बिंदू आणि त्यांची परस्परांतील नाती या रेषा, अशा जाळ्यास 'नॉलेज ग्राफ' म्हणतात. गूगलने २०१२ साली हे नाव सर्वतोमुखी केले. त्याच वर्षी विकिडेटा हा सर्वांस खुला असलेला संग्रह सुरू झाला. यंत्र मजकूर वाचते, त्यातील नावे ओळखते, वाक्यावरून त्यांचे नाते ताडते आणि ते जाळ्यात नसेल तर भर म्हणून सुचविते. मात्र ताडलेले नाते खरे असेलच असे नाही.

आपल्या पत्रांचे मायनेच पाहा. जन्मदात्या वडिलांस 'तीर्थरूप', तर अन्य वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप' लिहिण्याचा प्रघात होता. एका अक्षराने नाते बदलते. 'चिरंजीव' तर पुत्रास, पुतण्यास, भाच्यास, शिष्यासही लिहीत. याच शब्दावरून आम्ही एका गृहस्थांस आमच्या पणजोबांचे पुत्र म्हणून वंशावळीत बसविले होते. पुढे त्याच गाठोड्यात त्या गृहस्थांचे उत्तर सापडले. त्यात त्यांनी पणजोबांस 'मामा' म्हटले होते आणि 'आईची प्रकृती बरी आहे' असे कळविले होते. आमची चूक उघड झाली. पण पणजोबांस एक बहीण होती, हेही आमच्या घरात प्रथमच कळले. तिचे नाव अद्याप मिळालेले नाही. वंशावळीत तिची जागा आम्ही रिकाम्या चौकटीने राखली आहे.

वाचकहो, आपल्या घरीही असे गाठोडे असेल. मोडी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कागद रद्दीत देण्यापूर्वी ते एकदा जाणत्याकडून वाचवून घ्यावेत. सापडलेले प्रत्येक नाते कोणत्या पत्रातून, कोणत्या तिथीच्या, कोणत्या शब्दावरून मिळाले, हे शेजारी लिहावे. तर्क असेल तेथे 'तर्क' असेच लिहावे, म्हणजे पुढच्या पिढीस तो तपासता येईल. महाराष्ट्राबाहेर दोन-अडीचशे वर्षे राहिलेल्या आपल्या घरांस एकमेकांशी जोडणारे धागे बहुतांशी लेकींच्याच हातून विणले गेले आहेत. त्यांच्या चौकटी तरी रिकाम्या राहू नयेत.