लेआऊटचे पाणी आणि खालचे शेत
पाणी थोपविणाऱ्या तळ्याचे माप कसे काढावे?

नागपूर शहराभोवतालची शेतजमीन झपाट्याने लेआऊटखाली जात आहे. जेथे काल तूर व कपाशी उभी होती, तेथे आज सिमेंटचे रस्ते व गुदामांची पत्र्याची छपरे दिसतात. जमिनीचा धनी बदलला तरी तिचा उतार बदलत नाही. पूर्वी जे पाणी माती पोटात घेत असे, तेच आता एकदम खालच्या शेतात येऊन पडते. धुरे फुटतात, माती वाहून जाते आणि संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचून डिंक्या रोग बळावतो.

शहरालाही हा अनुभव आलेला आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले.

यावर एक सोपा उपाय म्हणजे लेआऊटच्या सखल कोपऱ्यात पाणी थोपविणारे तळे करणे. हे तळे शेततळ्याहून वेगळे आहे. शेततळे भरून ठेवावयाचे असते, तर हे तळे पावसापूर्वी रिकामे असावे लागते. भरलेले तळे पूर थोपवू शकत नाही.

किती पाणी साठवावे?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी पडते, एवढे ध्यानात ठेवावे. उदाहरणादाखल एक हेक्टरचा लेआऊट घेऊ. शेत असताना पडलेल्या पाण्यापैकी १०० त ४० भाग वाहून जात होते आणि बांधकामानंतर ७५ भाग वाहतील, असे धरू. हे प्रमाण माती व उतार पाहून ठरवावे.

तासाला ६० मिलिमीटर पाऊस झाल्यास ६०० घनमीटर पाणी पडते. पूर्वी त्यातील २४० घनमीटर खाली जात असे. तेव्हा तळ्यातून तासाला २४० घनमीटरपेक्षा अधिक पाणी सोडावयाचे नाही. आता वेगवेगळ्या कालावधीचे पाऊस तपासावेत :

एक तासात ६० मिलिमीटर : तळ्यात येणार ४५०, सुटणार २४०, उरणार २१० घनमीटर.
दोन तासांत १०० मिलिमीटर : येणार ७५०, सुटणार ४८०, उरणार २७० घनमीटर.
तीन तासांत १०० मिलिमीटर : येणार ७५०, सुटणार ७२०, उरणार ३० घनमीटर.

यांतील सर्वांत मोठा आकडा घ्यावा. केवळ एका तासाचा हिशेब केला असता, तर तळे ६० घनमीटरने लहान पडले असते. तळ्यात पाणी कमी असताना मोरीतून पाणी सावकाश सुटते व पुढे गाळही साचतो, म्हणून २७० मध्ये चौथाई भर घालून सुमारे ३४० घनमीटरचे तळे धरावे.

तळ्याचा आकार

काळी माती ओली झाली की ढासळते. म्हणून एक मीटर खोलीस दोन मीटर असा सौम्य उतार ठेवावा. पाण्याची खोली दीड मीटर, वरची बाजू २० × १७ मीटर व तळ १४ × ११ मीटर ठेवल्यास मध्यावरील माप १७ × १४ मीटर येते. त्यास दीडने गुणले असता ३५७ घनमीटर होतात, म्हणजे हे तळे पुरेसे आहे. पाळ पाण्याच्या पातळीहून निदान अर्धा मीटर उंच असावी.

मोरीचे तोंड तळाशी, सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचे असावे. ते मोठे केल्यास तळे असून नसल्यासारखे होईल. अधिक पावसासाठी पाळीवर दगडी सांडवा ठेवावा व त्याचे पाणी नाल्यातच सोडावे, कोणाच्या शेतात सोडू नये.

काळजी

मोरीपुढे जाळी बसवावी. पावसाळ्यापूर्वी गाळ काढावा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाळीतील कचरा काढावा. कोणी पाणी साठविण्यासाठी मोरी बुजवू पाहील, त्यास समजावून सांगावे. पाणी राखावयाचेच असेल तर मोरीच्या खाली वेगळा खड्डा खोदावा. थोपविण्याची जागा मोकळीच राहिली पाहिजे.

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांनी पाळ व सांडवा यांचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. ग्रामसेवकांनी लेआऊटचा नकाशा पुढे येताच खालच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन उतार पाहावा आणि तळ्याची जागा आधीच राखून घ्यावी. या उदाहरणात ती जागा, पाळ सोडून, हेक्टरातील अवघी साडेतीन गुंठ्यांच्या आसपास आहे. एवढ्या जागेने खालच्या शेताची माती वाचते.