नवऱ्यावर पाळत

गावात एका कास्तकाराने जीव दिला की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात तलाठी, पुढारी, पत्रकार अशी रीघ लागते. त्या रात्री शेजारच्या घरात काय चाललं असेल, हे पाहायला कोणी जात नाही. सतीश मनवर यांचा पहिला चित्रपट ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) नेमका त्या शेजारच्या घरात शिरतो.

भास्करने आत्महत्या केली आहे. शेजारचा किस्ना (गिरीश कुलकर्णी) अजून पेरणीच्या विवंचनेत आहे. त्याच्या बायकोच्या, अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात मात्र एकच धास्ती बसते: आता आपला नंबर. ती सहा वर्षांच्या दिनूला बापाच्या मागावर लावते, सासूलाही (ज्योती सुभाष) लक्ष ठेवायला सांगते. मरणाचा मनात विचारही नसलेल्या माणसावर घरचेच पहारा बसवतात. यातून आधी हसू येतं, मग ते हसू घशात अडकतं. भूक, कर्ज, दुष्काळ यांवर चित्रपट पुष्कळ झाले. काळजी आणि संशय एकाच कृतीत कसे मिसळतात, आणि नवऱ्याला त्यातला संशय तेवढा कसा दिसतो, हे दाखवणारे थोडे.

किस्ना-अलकाचं घर वऱ्हाडातलं; ही धास्ती कुठून येते, ते तिथल्या शेतीत पाहावं लागतं. अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीतली पऱ्हाटी बहुतांशी कोरडवाहू. मृगाच्या भरवशावर सरकी टोबायची, अंकुर वर आला की पावसाने दडी मारायची, आणि मग दुबार पेरणी. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या संकरित वाणाचं घरचं बियाणं पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही, म्हणून दुबार पेरणी म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा रोख पैसा. बँकेचं पीककर्ज पहिल्या पेरणीतच संपलेलं असतं. उरतो सावकार, नाहीतर बायकोच्या गळ्यातली पोत. वऱ्हाडातल्या किती तरी घरांत नवरा-बायकोचं भांडण ‘पैसे कुठून आणले?’ या प्रश्नाने सुरू होतं आणि पोतीपाशी येऊन थांबतं.

इथे मला अस्गर फरहादी या इराणी दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट आठवतो, ‘रक्स दर घोबार’ (२००३). नझर हा गरीब कामगार पोरगा. बायकोवर त्याचा जीव आहे. पण तिच्या आईविषयी लोक बोलू लागतात आणि घरच्यांच्या दबावाखाली त्याला तलाक द्यावा लागतो. वर लग्नात बायकोला कबूल केलेली मेहरची रक्कम देणं अंगावर येतं. देणेकऱ्यांना चुकवत तो वाळवंटात एका म्हाताऱ्या सापवाल्याकडे पोचतो. या म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी फरामर्झ घरिबियान यांना मॉस्को महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पैशाचा प्रवाह मात्र दोन्हीकडे उलटा आहे. तिकडे नवरा बायकोचं देणं लागतो आणि कायदा त्याच्या मागे लागतो. इकडे बायकोचं सोनं सरकीत जातं, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

कागदाचा मुद्दा मी उगाच काढत नाही. डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. त्याच काळात आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं. सातबारा हवा, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, ते थकलेलं हवं. निंदण-वेचणी जन्मभर बायकोने केली तरी सातबाऱ्यावर बहुधा तिचं नाव नसतं. नवरा गेल्यावर मात्र तहसीलच्या पायऱ्या तिच्याच वाट्याला येतात. अलका नवऱ्यावर पाळत ठेवते, त्यामागे हा सगळा हिशेब आहे. प्रेमापोटी ठेवते हे खरं. पण मागे राहिलेल्या बाईचं काय होतं, तेही तिने शेजारी पाहिलेलं आहे.

वऱ्हाडी संसाराकडे बाईच्या बाजूने पाहण्याची वाट त्याआधी बरीच वर्षं उद्धव शेळके यांनी पाडली होती. त्यांची ‘धग’ कादंबरी १९६० ची. (याच नावाचा २०१२ चा चित्रपट वेगळा.) त्यातला महादेव शिंपी कामाचा कंटाळा करणारा; घर कौतिक ओढते. पुढे त्याला महारोग जडतो आणि ओझं दुप्पट होतं. कौतिकचा नवरा काम करत नाही म्हणून संसार विस्कटतो. किस्ना मरमर राबतो, तरी त्याच्या घरात तीच तडफड. माझ्या मते या दोन कलाकृतींमधलं अंतर म्हणजे वऱ्हाडच्या शेतीची चाळीस-पन्नास वर्षं: आधी दोष माणसात शोधता येत होता, नंतर तीही सोय राहिली नाही.

चित्रपटात मला खटकतं ते बोलणं. अकोल्याच्या कानाला काही हेल पुण्याहून आल्यासारखे वाटतात. पण ज्योती सुभाष यांची सासू नुसती बसून राहते, तेव्हा तक्रार विसरायला होते. रॉटरडॅमच्या महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. मनवर यांनी पुढे ‘तुह्या धर्म कोंचा?’ केला आणि त्याला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेही मध्यभागी एक जोडपंच आहे, आदिवासी, आणि घर सावरायची वेळ पुन्हा बायकोवरच येते.