शिळी जुळणी आणि उपकरणाचे रीसेट

दि. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या पत्त्यांच्या वहीत नवीन जालन्यापुढे 'जिल्हा औरंगाबाद' असेच असणार. ती नोंद खोटी नव्हती. शिळी झाली एवढेच.

आभासी यंत्राच्या उपकरणांतही असाच प्रश्न उद्भवतो. पाहुण्या यंत्राने दिलेला पत्ता यजमान संगणकाच्या स्मृतीत कोठे येतो हे दर खेपेस शोधणे खर्चिक असते. म्हणून क्यूएमू या प्रणालीत व्हर्टिओ उपकरणाच्या प्रत्येक रांगेसाठी ती जुळणी करून हाताशी ठेवतात. उपकरण रीसेट होताच ती निरर्थक ठरते. तथापि ती तत्क्षणी नष्ट करणे घातक होय. दुसरा एखादा धागा त्याच क्षणी ती वाचीत असू शकतो.

यावरील उपाय म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात २००२ साली आलेली आरसीयू पद्धती. वही आधी मेजावरून उचलावयाची, म्हणजे जुळणीकडे नेणारा पॉइंटर रिकामा करावयाचा. जे आधीच वाचीत आहेत त्यांचे वाचन संपू द्यावयाचे. मगच ती फाडावयाची.

येथवर सारे सोपे आहे. खरी अडचण वाचणाऱ्या बाजूची. मेज रिकामे आढळेल हे तिने गृहीत धरून, तसे आढळताच काम न करता परतले पाहिजे. नाहीतर क्यूएमूची ती प्रक्रिया पाहुण्या यंत्रासह कोसळते. शिवाय पॉइंटर एकदाच वाचून तेच मूल्य अखेरपर्यंत वापरावे. तपासण्यासाठी एकदा आणि वापरण्यासाठी पुन्हा वाचल्यास, मधल्या क्षणी रीसेट होऊन तपासणी व्यर्थ जाते.