पाहुणा नको, असे गाव म्हणत नाही

गाव आणि पर्यटन : लेख चौथा

पर्यटकाने गावात खर्च केलेला पैसा कोणकोणत्या वाटांनी गावाबाहेर जातो, हे मागच्या लेखात पाहिले. आज त्या गावातल्या माणसांच्या मनाकडे वळू. 'इथल्या लोकांना पर्यटन हवे आहे की नको?' हा प्रश्न अधिकारी विचारतात, गुंतवणूकदार विचारतात आणि उत्तर आपापल्या सोयीने काढतात. एखाद्या प्रकल्पाला विरोध झाला की 'कोकणी माणूस विकासाच्या आड येतो' असा शिक्का बसतो. दुसऱ्या गावात दारोदार 'राहण्या-जेवणाची उत्तम सोय' अशा पाट्या दिसल्या की स्थानिकांनी पर्यटन मनापासून स्वीकारले, असे जाहीर होते. दोन्ही निष्कर्ष उथळ आहेत, कारण पाटी लावणारा आणि मोर्चात चालणारा माणूस पुष्कळदा एकाच वाडीतला, कधी एकाच घरातला असतो. हा त्याचा दुटप्पीपणा नव्हे. किती पाहुणे यावेत, कुठे उतरावेत, काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवताना गावाचा शब्द चालतो की नाही, यावर गावाची भावना उभी असते. एवढे लक्षात घेतले की त्याच्या वागण्यातली विसंगती नाहीशी होते.

या विषयाचा अभ्यास जगात पन्नास वर्षे चालू आहे. बार्बाडोस बेट आणि कॅनडातले नायगारा-ऑन-द-लेक हे गाव यांच्या निरीक्षणांवरून जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 मध्ये एक उतरंड मांडली : पर्यटक येऊ लागतात तेव्हा आधी हर्ष, मग सवयीने येणारी बेफिकिरी, मग चीड आणि शेवटी उघड वैर. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी देवाणघेवाणीचा सिद्धान्त पुढे आणला. पर्यटनातून मिळणारे आणि पर्यटनापायी गमावलेले यांचा हिशेब माणूस मनाशी करत असतो, आणि ज्याच्या पदरात जास्त पडते तो पर्यटनाच्या बाजूने उभा राहतो, असे तो सांगतो. दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. पण पहिलीत गर्दी वाढली की वैर अटळ ठरते आणि दुसरीत पैसा मिळाला की प्रश्न मिटतो. महाराष्ट्रातली काही गावे नीट पाहिली तर या दोन्ही गोष्टी पुरत्या खऱ्या नाहीत, हे कळते.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास घ्या. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. एके काळी ती अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी उकरली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला इथे संरक्षणाचे काम हाती घेतले आणि ते गावातल्या माणसांकरवी चालवले. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला माणसे येऊ लागली, आणि ती उतरू लागली गावातल्याच घरांत. मोदक-सोलकढीचे जेवण घरच्याच चुलीवरचे, झोपायची जागा पडवीत किंवा माजघरात. वाळूत घरटी शोधणारे, राखणारे आणि पाहुण्यांना दोरीमागे उभे करणारेही गावचेच. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास गावात त्याच्या मानाने मोठीच गर्दी होते. डॉक्सींच्या उतरंडीप्रमाणे इथे चीड दिसायला हवी. तरीही गावाने हा उत्सव आपला मानला आहे, कारण पाहुण्याला 'इथून पुढे जायचे नाही' असे सांगण्याचा अधिकार गावकऱ्याच्या हातात आहे. पाहुणा तो मानतो आणि अंडी उकरणाऱ्या हातांनाच ती राखण्यात मान मिळतो.

साताऱ्याजवळचे कास पठार थोडी निराळी गोष्ट सांगते. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. फुलांच्या हंगामात तिथे लोटणारी गर्दी फुलेच तुडवू लागली, तेव्हा वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणली. शुल्क घेणे, वाहनतळ सांभाळणे, वाट दाखवणे, कचरा उचलणे ही कामे त्याच गावांतल्या तरुणांकडे आली. मर्यादा घातली म्हणजे उत्पन्न घटेल, हा सोपा हिशेब असूनही गावे तिच्या पाठीशी राहिली. याच पठारावर कुंपण घातले गेले तेव्हा मात्र नाराजी उमटली, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरणारी गुरे बाहेर राहिली. चराई थांबल्याने गवत माजते आणि फुलांनाच अपाय होतो, असे काही अभ्यासकही म्हणू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. एकाच पठारावर, त्याच माणसांनी, एक बंधन स्वीकारले आणि दुसरे नाकारले. पहिले ठरवण्यात आणि राबवण्यात ती सहभागी होती, दुसरे त्यांच्या गुरांच्या वाटेवर येऊन उभे राहिले होते.

आता सिंधुदुर्गाकडे या. 1997 मध्ये हा जिल्हा 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात निवास-न्याहारीच्या खोल्या, खाणावळी, स्कूबा आणि स्नॉर्केलिंगच्या होड्या यांवर आज असंख्य घरे चालतात. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या महिला पर्यटकांना कांदळवनातून फिरवून आणतात. म्हणजे पर्यटनाबद्दल अढी असण्याचे कारण नाही. तरीही शिरोडा-वेळागर इथे तारांकित हॉटेलसाठी 1990 च्या दशकात संपादित झालेल्या जमिनीचा वाद तीन दशके धुमसत राहिला. राहती घरे आणि कसती जमीन वगळा, ही तिथल्या लोकांची मागणी होती. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी भागात 'सी वर्ल्ड' या भव्य प्रकल्पासाठी शेकडो एकर जमीन लागणार म्हटल्यावर गावे विरोधात उभी राहिली. त्याआधी 1987 मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हाही मच्छीमारांनी विरोध केला होता. तो प्रकल्प पर्यटनाचा नव्हता, तरी त्या विरोधामागचे कारण ओळखीचे आहे : आधी नकाशावर रेघ ओढली गेली आणि मग त्या रेघेच्या आत राहणाऱ्यांना कळवले गेले.

या रागाचे मूळ रोजच्या व्यवहारातही आहे. कोकणातली बहुतेक जमीन सामाईक सातबाऱ्यावर असते. एकेका गटावर पंधरा-वीस नावे, त्यांतले निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही हयातही नाहीत. अशा जागेवर चार खोल्या बांधायच्या तर संमतीपत्रे जमवण्यातच वर्षे जातात आणि तारण स्वच्छ नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि वकील आहे तो बाहेरचा माणूस मात्र हिस्से विकत घेत जातो आणि एके दिवशी देवळाकडची किंवा समुद्राकडची पाणंद बंद झालेली दिसते. पाण्याचेही तसेच. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, आणि पर्यटकांचा मोठा हंगाम नेमका तोच. किनाऱ्यालगत उपसा वाढला की गोड्या विहिरीत खारे पाणी शिरते. मोठी बोअर मारणाऱ्याला टँकर परवडतो, शेजारच्या घराला परवडत नाही. अशा वेळी 'पर्यटनामुळे तुमचे उत्पन्न वाढले ना?' असे विचारणे म्हणजे पाण्याबद्दल विचारणाऱ्याला पैशाचे उत्तर देणे होय.

यावर पहिला आक्षेप येतो तो भांडवलाचा. घरगुती खोल्यांनी जिल्हा उभा राहत नाही, मोठी गुंतवणूक आल्याशिवाय तरुणांना काम मिळणार नाही, आणि गावाच्या संमतीची वाट पाहत बसलो तर गावे रिकामी होतील, असे हा आक्षेप म्हणतो. त्यामागची काळजी खरी आहे. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्रात मुंबई शहर वगळता लोकसंख्या घटली ती रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग याच दोन जिल्ह्यांत. सिंधुदुर्गाची संख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. पण पर्यटन जिल्हा झाल्यानंतरच्याच दशकातला हा आकडा आहे. नुसती घोषणा माणसे धरून ठेवत नाही, हे त्यातून दिसते. मोठ्या हॉटेलात स्थानिकाला बहुधा माळी, पहारेकरी, साफसफाई अशी कामे मिळतात. त्यासाठी मुंबईतली नोकरी सोडून कोणी परतत नाही. स्वतःच्या घराचा, होडीचा, बागेचा धंदा असेल तर परतण्याचा विचार होतो. भांडवलाला कोणी नाही म्हणत नाही. ते भाडेपट्ट्याने येते की खरेदीखताने, भागीदार म्हणून येते की मालक म्हणून, हे गाव पाहते. शिवाय संमती टाळून वेळ वाचत नाही, हे वेळागरच्या तीन दशकांनी दाखवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो गावाच्या बाजूने बोलणाऱ्याने टाळता कामा नये. स्थानिकांच्या हाती सूत्रे दिली म्हणून सगळे सुरळीत होते का? पुळणीवर विनापरवाना बांधकाम करणारे, सांडपाणी खाडीत सोडणारे, क्षमतेपेक्षा जास्त माणसे होडीत घेणारे स्थानिकही असतातच. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकचे परवाने गोवेकरांसाठी राखीव असतात, तरी ते परस्पर बाहेरच्यांना चालवायला दिल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. आणि 'गाव' म्हणजे एक माणूस नव्हे. रापणकराला जाळे ओढायला मोकळा किनारा हवा असतो, त्याच पाण्यात जलक्रीडावाल्याला वेगाने बोट फिरवायची असते. रस्त्यालगतच्या घराला पाहुणे मिळतात, आतल्या वाडीला फक्त धूळ आणि आवाज. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर असलेल्या या जिल्ह्यात पाहुणचाराचा भार, पहाटेच्या घावन्यांपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत, बाईवर पडतो, आणि नोंदणी व हिशेब पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असतो. तिला काय वाटते, हे कोणत्याही 'गावाच्या मता'त आपोआप येत नाही.

म्हणूनच अधिकार गावातल्या चार वजनदार घरांकडे सोपवून भागत नाही. तो ग्रामसभेत, उघड्यावर, लेखी नियमांनी वापरला गेला पाहिजे. प्रकल्पाची जागा नक्की होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे त्याचा नकाशा, त्याला लागणारे पाणी आणि सांडपाण्याची वाट मांडली जावी. उन्हाळ्यातले पाणी मोजून खोल्यांची कमाल संख्या ठरावी. रापणीच्या जागा आणि वेळा जलक्रीडेच्या परवान्यातच लिहिल्या जाव्यात. सामाईक सातबाऱ्याची फोड करून देणारी मोहीम महसूल विभागाने गावोगावी घ्यावी, म्हणजे गावच्या माणसालाही कर्ज मिळेल. निवास-न्याहारीची नोंदणी ती चालवणाऱ्या बाईच्या नावावर करण्याला उत्तेजन मिळावे. आणि नियम मोडणारा गावचा असला तरी दंड तोच असावा, कारण स्वतःला लागू न केलेला नियम पाहुण्याला सांगण्याचा नैतिक अधिकार गावाला उरत नाही.

गोव्यात 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'जागृत गोंयकारांची फौज' आलिशान हॉटेलांविरुद्ध उभी राहिली, तेव्हा तिचे प्रश्न पाण्याचे, किनाऱ्यावर जाण्याच्या वाटेचे आणि गावाच्या मानाचे होते. त्यांना विकासविरोधी ठरवून बाजूला सारणे सोपे होते. पण तेच प्रश्न आज सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत उभे आहेत. कोकणातली गावे अजून त्या टप्प्यावर आहेत, जिथे विरोधाचे रूपांतर वैरात झालेले नाही. तिथला माणूस अजून अटी घालतो आहे, आणि अटी घालणारा माणूस बोलायला तयार असतो. त्याचे ऐकण्याची हीच वेळ आहे. पुढच्या लेखात ग्रामपंचायतीला कायद्याने पर्यटनाबाबत नेमके कोणते अधिकार आहेत आणि ते कागदावरच का राहतात, हे पाहू.