शीतयुद्ध आणि अमेरिकेतील काळ्यांचा लढा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात जो झगडा सुरू झाला, त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा अणुबाँब, कोरिया, क्यूबा, व्हिएतनाम याच अंगाने होते. चर्चा करणाऱ्यांची बाजूही पुष्कळदा आधीच ठरलेली असते. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बसच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या काळ्या माणसाच्या जागेवरून या झगड्याकडे पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. त्याचे दुःख दोन्ही महासत्तांच्या कामाचे होते. त्याची मुक्ती त्यांना कितपत हवी होती, हा प्रश्न निराळा.

जून १९४६ मध्ये ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ या संघटनेने नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली कैफियत मांडली. ही बातमी बाबासाहेबांच्या वाचनात आली. काळ्यांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या आणि भारतातील अस्पृश्यही हाच मार्ग धरण्याचा विचार करीत आहेत, असे कळविले. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर धाडले. आपल्या देशातील बहुसंख्याकांकडून न्याय मिळत नाही, तेव्हा जगाच्या पंचायतीपुढे गाऱ्हाणे न्यावे, असा विचार दोन खंडांतील दोन माणसे एकाच वेळी करीत होती. मात्र त्या पंचायतीत पंच कोण होते, हेही पाहिले पाहिजे.

ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘एनएएसीपी’ या काळ्यांच्या मोठ्या संघटनेने डुबॉइस यांनी संपादित केलेला सविस्तर अर्ज राष्ट्रसंघाला दिला. सोव्हिएत प्रतिनिधींनी तो उचलून धरला, आणि नेमक्या याच कारणाने तो अमेरिकी सरकारला अधिकच खुपला. राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट या ‘एनएएसीपी’च्या संचालक मंडळावरही होत्या. काळ्यांविषयी त्यांची कळकळ खोटी नव्हती. तरीही हा अर्ज रशियाच्या हातातले कोलीत ठरेल म्हणून त्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. अर्ज बारगळला. संघटनेला ट्रुमन यांच्या परराष्ट्रधोरणाच्या दावणीला बांधले जात आहे, असा आक्षेप घेणाऱ्या डुबॉइस यांना १९४८ साली संघटनेतून दूर करण्यात आले.

आता दुसरी बाजू. आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र होत होते आणि त्यांना आपल्याकडे ओढण्याची दोन्ही महासत्तांना घाई होती. अमेरिका लोकशाहीचे प्रवचन देई, तेव्हा मॉस्कोला खोटे रचण्याचीही गरज नसे; अमेरिकी वर्तमानपत्रांतील काळ्यांच्या हत्यांच्या बातम्या पुन्हा छापल्या की काम भागे. ही नामुष्की वॉशिंग्टनला बोचू लागली. शाळांतील वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने काळ्यांच्या बाजूने निवेदन दिले. वर्णभेदामुळे कम्युनिस्ट प्रचाराला खाद्य मिळते आणि मित्रराष्ट्रांत शंका निर्माण होते, असा युक्तिवाद त्यात होता. १७ मे १९५४ रोजी निकाल लागला, आणि तासाभरातच ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने त्याची बातमी जगभर देण्यास प्रारंभ केला. बातमीला तासही लागला नाही, पण अंमलबजावणीला वर्षे लागली. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलामुलींना शाळेत पोहोचविण्यासाठी आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. त्या वेळच्या भाषणातही, आपले शत्रू या प्रकाराने खूश होत आहेत, ही चिंता त्यांनी बोलून दाखविली.

या धोरणाची जात ओळखायची असेल तर १९५५ सालचा एक प्रसंग पाहावा. भारताचे राजदूत जी. एल. मेहता यांना ह्यूस्टनच्या विमानतळावर गोऱ्यांच्या भोजनगृहातून उठून वेगळ्या खोलीत बसण्यास सांगण्यात आले. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी त्यांची माफी मागितली. त्याच राज्यात जन्मभर वेगळ्या खोलीत बसणाऱ्या काळ्यांची माफी मागण्याचे कारण डलेस यांना दिसले नाही, कारण त्यांच्यामागे कोणतेही राष्ट्र उभे नव्हते.

प्रतिमेसाठी दिलेल्या न्यायाची किंमतही वसूल केली जात होती. गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट १९५० साली रद्द झाला. तो १९५८ पर्यंत मिळाला नाही. शांतता चळवळीचे काम केल्याबद्दल डुबॉइस यांच्यावर १९५१ साली परकीयांचे हस्तक म्हणून खटला भरला गेला. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. न्यायालयात खटला टिकला नाही, पण त्यांनाही पुढे पासपोर्ट नाकारला गेला आणि १९५७ च्या घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याला ते जाऊ शकले नाहीत. याचा परिणाम चळवळीच्या भाषेवर झाला. मताधिकार, शाळा, बसमधील जागा हे विषय कसेबसे खपत. जमीन, मजुरी, घर यांचे नाव काढले की माणूस कम्युनिस्ट ठरे. गंमत अशी, की शाळा एकत्र करणे हाच कम्युनिस्ट कट आहे, असे दक्षिणेतील गोरे पुढारीही ओरडत होते.

मग रशिया काळ्यांचा तारणहार होता काय? आपल्यातील काही मित्रांना तसे वाटे. पण १९४४ साली चेचेन आणि क्रिमियन तातार या संपूर्ण जमातींना त्यांच्या भूमीतून उखडून मालगाड्यांत कोंबणारे सरकार तेच होते. त्रिनिदादचे कृष्णवर्णीय नेते जॉर्ज पॅडमोर यांचा अनुभवही बोलका आहे. ब्रिटन-फ्रान्सशी जुळवून घेण्यासाठी मॉस्कोने वसाहतविरोधी कामाचा हात आखडता घेतला, तेव्हा ते बाजूला झाले आणि १९३४ साली त्यांना पक्षातून काढण्यात आले.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा ही मोठी कमाई होती, आणि ती रस्त्यावर रक्त सांडून झाली होती. शीतयुद्धाने फक्त सरकारची अडचण वाढविली होती. पण पोटाचा प्रश्न तसाच उरला. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरने आपल्या दहा कलमांत काम, घर आणि भाकरी मागितली. याच पँथरचे नाव १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी घेतले. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही ४ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला. युद्धावरचा पैसा गरिबांच्या तोंडचा आहे, असे म्हणताच कालपर्यंत त्यांना मान देणारी वृत्तपत्रे उलटली, जॉन्सन सरकार तर दुरावलेच.

त्यानंतर किंग गेले मेम्फिसच्या सफाई कामगारांकडे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन काळे कामगार चिरडले गेले होते. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. ४ एप्रिलला त्याच शहरात किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली आणि पगारवाढ कबूल केली.