कुत्रा चालेल, पण तिथी बघून या

दापोलीच्या खाली, मुरूडला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. गाडीत सामान, पोरं आणि कुत्रं भरून त्या मुरुडाला पोचलेले आणि तिथून ‘काकू, किल्ला तर दिसतोय, तुमचं घर कुठे?’ असा फोन करणारे पाहुणे आम्हाला नवे नाहीत. घरामागे चिऱ्याच्या कौलारू खोल्या आहेत, पुढे पडवी. जाहिरातीत मुलाने त्यांना ‘कॉटेज’ लिहिलंय. तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. वाडीचं मागचं बेडं उघडलं की सुरूची झाडं आणि त्यापलीकडे वाळू.

करोनानंतर कुत्र्यासह येणाऱ्यांचे फोन खूप वाढले. लॅब्रेडॉर, गोल्डन, पग, एकदा तर चक्क हस्की, आणि अलीकडे सोसायटीच्या गेटवरून उचलून घरात घेतलेली गावठी कुत्री. मी बहुतेकांना हो म्हणते. कुत्र्याचा आम्हाला त्रास झाला असं क्वचितच घडतं. किनारा न समजता आलेल्या माणसांमुळे कुत्र्याचे हाल झाले, असं मात्र दर हंगामात बघते. लोक लाँग वीकेंड बघून येतात आणि दुपारी बारा वाजता कुत्र्याला समुद्र दाखवायला नेतात. कुत्र्याने यायचं तर त्याच्या सोयीचा महिना, त्याच्या सोयीची तिथी आणि त्याच्या सोयीची वेळ बघावी लागते.

तिथी म्हटलं की शहरातली मंडळी हसतात. पण आमच्याकडे भरती-ओहोटीचा हिशोब अजूनही तिथीवरच करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता त्या दिवशी पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. किनारा बदलला की थोडं पुढेमागे होतं, पण सहलीपुरतं हे गणित पुरतं. आता अष्टमीला आलात तर काय होईल? सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमक्या गारव्याच्या वेळी, घट्ट ओली वाळू पाण्याखाली. कुत्र्याच्या वाट्याला येते ती वरची कोरडी, भुसभुशीत पट्टी. तिथे फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात, कणसांची बुरकंडं असतात आणि पाय रुतत असल्याने तो लगेच दमतो. ओहोटी भर दुपारी, तेव्हा वाळू तापलेली.

याउलट पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून गेल्यावरची द्वितीया-तृतीया घ्या. भरती दुपारी दीड-दोनला, सगळे जेवून लवंडलेले असताना. सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं, उधाणाचे दिवस असल्याने नेहमीपेक्षाही लांब. पुळण फरशीसारखी कडक आणि गार. संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हा पाणी पुन्हा ओसरायला लागलेलं असतं. कुत्र्याला पळवायचं तर असं मैदान पुण्या-मुंबईत कुठे मिळणार?

वेळेचा एवढा घोळ घालते, कारण आमची हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीला येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर घालवतो. जिभेवरचं, घशातलं पाणी उडून गेलं की तो गार होतो. पण हवाच दमट असली तर ते पाणी उडत नाही, आणि नुसतीच धाप लागते. पुण्याच्या कोरड्या उन्हात जो कुत्रा तासभर चेंडूमागे धावतो तोच इथे वीस मिनिटांत बसकण मारतो. मालक म्हणतात, आळशी झालाय. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०४च्या वर गेलं की धोक्याची घंटा, आणि १०६ म्हणजे जिवावरचं दुखणं. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट दोरीसारखी आली, चालताना झोकांडी जायला लागली, तर फोटो थांबवून सावलीत न्यायचं, पोटावर-मांड्यांवर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि गाडी दापोलीच्या दिशेने काढायची. गुरांचा दवाखाना तिथे आहे, आमच्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर. पग, बुलडॉग, शीत्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही धड टाकता येत नाही. त्यांच्या मालकांना मी डिसेंबर-जानेवारीच सुचवते.

दुपारी कुत्र्याचं काय करायचं, याचं उत्तर मला चिंगी नावाच्या एका गावठी कुत्रीने दाखवलं. पाहुणे पडवीत पंख्याखाली झोपलेले. ह्यांनी विहिरीची मोटर लावली आणि पोफळींना पाणी सोडलं. चिंगी पाटाच्या कडेला आली, वाहत्या पाण्याचा वास घेतला, एक पंजा घातला, काढला, झटकला. मग सरळ पाटात उतरून लांबलचक पसरली. पोट चिखलात, हनुवटी काठावर. पाणी तिच्या अंगाला अडलं आणि बांध फोडून भलत्याच आळ्यात शिरलं. आमचा गडी खोरं घेऊन आला, तिच्याकडे बघितलं, आणि तिला न उठवता बाजूने दुसरी वाट काढून दिली. शिंपणं संपेपर्यंत ती तिथेच होती. तेव्हापासून दुपारी पाणी सोडलं की मी पाहुण्यांना सांगते, सोडा त्याला पाटात. खोलीत एसी लावून बसण्यापेक्षा कुत्र्याला हे जास्त मानवतं.

मात्र वाडीत कुत्रा बांधायचा तर माडाखाली बांधू नका. नारळ पडायचा तेव्हा पडतो, झावळीही तशीच, आणि बांधलेल्या जनावराला बाजूला होता येत नाही. पोफळीखाली, नाहीतर फणसाखाली बांधा. फणसाच्या दिवसांत फणसाखालीही नको. चिऱ्याच्या गडग्यातल्या भोकात नाक घालायची सवय असेल तर दोरी आखूड ठेवा. आमच्या जिल्ह्यात फुरसं भरपूर, आणि ते असल्याच दगडांत बसतं. काजूची ओली बी तोंडात जाऊ देऊ नये, तिच्या सालातल्या तेलाने तोंड भाजतं. आंब्याचा बाठा चाटायला दिला आणि कुत्र्याने गिळला, तर तो आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय सुटका नाही.

समुद्रावर पाण्यापेक्षा मला भीती वाटते ती किनाऱ्यावर पडलेल्या गोष्टींची. होड्या परतल्या की जाळ्यातली नको असलेली मासळी झटकून टाकतात. त्यात शिंगाळ्याचे काटे असतात, कधी गळ असतो. मालवणकडे ज्याला केंड म्हणतात, तो अंग फुगवणारा मासाही कधीमधी त्यात सापडतो. त्याच्या अंगात जे विष असतं त्याला उतारा नाही, आणि कुत्र्याला तो मेलेला मासा म्हणजे मेजवानी वाटते. तेव्हा ‘टाक ते!’ हा एक हुकूम तरी कुत्र्याला शिकवून आणा. तहान लागली की कुत्री समुद्राचंच पाणी पितात, त्याने उलट्या-जुलाब होतात, फार प्यायली तर त्याहून वाईट. पाण्याची बाटली आणि वाडगा हातात असलाच पाहिजे. हर्णैचा लिलाव बघायला कुत्रं नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. तिथे मासळीच्या पाट्या, बैलगाड्या आणि बर्फाच्या गाड्यांची गर्दी असते, आणि कोळणींचा राग मी बघितलेला आहे. तो रास्तही असतो.

आता कासवं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री आमच्या या किनारपट्टीवर अंडी घालायला येतात. शंभर-सव्वाशे अंडी, हात-दीड हात खोल खड्डा, वर वाळू लोटून मादी परत जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस. माणसाला ती जागा दिसत नाही, कुत्र्याच्या नाकाला लगेच कळते. कोल्हे आणि मोकाट कुत्री यांनीच कितीतरी घरटी उकरली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं, तेव्हापासून गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात आणि अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला वाघाइतकंच संरक्षण आहे. म्हणून अंधार पडल्यावर आणि उजाडण्याआधी आमच्या पाहुण्यांचा कुत्रा पट्ट्याशिवाय वाळूवर जात नाही. दिवसा कुरव पक्ष्यांचे थवे बसलेले असतात, त्यांच्यावर कुत्रा सोडून उडतानाचे व्हिडिओ काढतात, तेही मला खपत नाही. हजारो मैलांवरून आलेली पाखरं ती, जरा बसू द्या की.

रात्री कुत्रा खोलीच्या आत, दार लावून. पडवीत बांधून ठेवायचा नाही. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि वाघ वाडीतून फिरतो. एका पाहुण्यांनी मला ऐकवलं, ‘आमचा जर्मन शेफर्ड आहे, काकू.’ म्हटलं, वाघ जात विचारत नाही. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा अभ्यास केला, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला, जवळजवळ ३९ टक्के. आमच्याकडे ऊस नाही, पण बिबट्याची आवड बदललेली नाही.

गावातल्या कुत्र्यांनी किनारा आपसांत वाटून घेतलेला आहे. हा त्यांचा, पलीकडचा दुसऱ्यांचा. पाहुणा कुत्रा आला की चौकशी होणारच. पट्टा सैल ठेवून शांतपणे चालत राहिलं तर ती हद्दीपर्यंत सोबत करतात आणि परत फिरतात. ओरडून कुत्र्याला कडेवर उचललं की भांडण पेटतं. रेबीजची लस आणि लेप्टोचा समावेश असलेली लस दिल्याचं कार्ड मी बघते, लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लाला नाही म्हणते. गोचिडांचं तर विचारूच नका, गुरं तिथे गोचीड. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवायचा. गोचीडताप इथे दिसत नाही, तो आठ-पंधरा दिवसांनी घरी गेल्यावर वर येतो. कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं आधी सांगा.

घरातले नियम थोडे आहेत. ओटी, माजघर आणि तुळशीचं अंगण कुत्र्याला बंद. त्याने वाडीच्या वाटेने यायचं-जायचं. सासूबाईंचं सोवळं आहे, त्या बधलेल्या नाहीत आणि त्यांनी बधावं असं मलाही वाटत नाही, घर त्यांचंही आहे. आमच्या स्वयंपाकघरात मांसमच्छी होत नाही. कुत्र्याचं खाणं घेऊन या किंवा मागच्या चुलीवर अंडी उकडा. मी मऊ भात देते, बिनमिठाचा. आमटी नाही, तिच्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

येताना पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत आलात तर पाच-साडेपाच तास लागतात. घाटाआधी कुत्र्याला जेवू घालू नका, रात्रीचं जेवण पुरे, वाटेत पाणी द्या. रेल्वेने खेडला उतरणार असाल तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा कूपे किंवा केबिन सबंध आरक्षित करावी लागते. नाहीतर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. ते मी कुणाला सुचवणार नाही. निघायच्या दिवशी विहिरीवर डोणीतल्या गोड्या पाण्याने आंघोळ, कान आतून कोरडे. मीठ केसांत राहिलं तर कुत्रं गाडीत घरापर्यंत खाजवत बसतं.

मे महिन्यात कुत्र्यासाठी कुणी फोन केला तर मी सरळ सांगते, आंब्याला तुम्ही या, त्याला आजोबांकडे ठेवा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच त्याचा हंगाम. कुत्र्याचे वेगळे पैसे घेत नाही, फाटलेल्या चादरीचे घेते. आणि डिसेंबरातली द्वितीया-तृतीया हवी असेल तर गणपती झाले की लगेच विचारा. तिथीचं गणित आता पुण्यातल्या पाहुण्यांनाही येऊ लागलंय.